सासऱ्यांचं डोकं माझ्या हातात

त्या सकाळी माझे सासरे कपाट पडू नये म्हणून ते दोन्ही हातांनी धरून उभे होते. कपाट पडत नव्हतं. लोखंडी कपाट, आमच्या लग्नापासून त्याच भिंतीला पाठ लावून उभं, सरकवायचं म्हटलं तरी चार माणसं लागतात. मी अर्ध्या गालाला दाढीचा फेस तसाच ठेवून दारात आलो. मला पाहून सासरे शांतपणे म्हणाले, "जरा आपण त्या बाजूनं धरता का?"

मी धरलं. यावर लोक हसतील, हसोत. पण सासरे आमच्याकडे राहायला आल्यापासून त्यांनी थेट माझ्याकडे काही मागण्याची ही पहिलीच वेळ होती, आणि अशा वेळी माणूस कपाटाचं म्हणणं विचारत बसत नाही. एक बाजू त्यांनी, एक बाजू मी, असे आम्ही दोघं बराच वेळ एक न पडणारं कपाट सावरत उभे राहिलो. शेवटी बायको दुधाचं पातेलं घेऊन आली आणि म्हणाली, "काय चाललंय तुमचं?" मी म्हटलं, बाबांना विचार. बाबांना विचारायला ती वळली, तेव्हा तिला त्यांचा चेहरा दिसला. चुना लावल्यासारखा पांढरा पडला होता. पातेलं खाली ठेवून तिनं त्यांना खुर्चीत बसवलं. कपाट मी आणखी थोडा वेळ धरून ठेवलं, कारण सोडा असं मला कुणी सांगितलं नव्हतं.

सासऱ्यांबद्दल थोडं सांगायला हवं. ते वजन-मापे खात्यात निरीक्षक होते. बाजारपेठेत त्यांचं पाऊल पडलं की दुकानदार तराजूखाली चिकटवलेली चिंच काढून तोंडात टाकत, असं म्हणतात. निवृत्त होऊनही नजर तीच होती. घरात आलेला पाव ते हातावर तोलून बघत आणि 'कमी आहे' असं भिंतीला सांगत. भिंतीला, कारण मी समोर असलो तरी मला सांगायची पद्धत नव्हती. आमचं सगळं बोलणं बायकोमार्फत चाले. "यांना विचार, पंखा चालेल का," असं ते माझ्यासमोर बसून तिला म्हणत, आणि मी "बाबांना सांग, चालेल" असं म्हणे. ती दोघांच्या मध्ये टेबल टेनिसच्या चेंडूसारखी फिरे. भांडण अजिबात नव्हतं. उलट आदर इतका होता, की त्यातून वाट काढून पलीकडे जाणं दोघांनाही जमत नव्हतं.

कपाटाच्या प्रसंगानंतर हळूहळू कळलं, की हे बरेच दिवस चाललं होतं. कुशीवर वळलं की घर फिरतं, वरच्या फळीकडे मान वर केली की छत खाली येतं, थोड्या वेळानं सगळं आपोआप जागेवर बसतं. त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. आडवं झालं की फिरतं म्हणून ते खुर्चीत बसून झोपत होते, आणि आम्ही मात्र 'बाबा हल्ली फार लवकर उठतात' म्हणून कौतुक करत होतो.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी रक्तदाब पाहिला, साखर पाहिली, दोन्ही सज्जनासारखी निघाली. त्यांनी दिलेल्या गोळ्यांनी घर फिरायचं थांबलं नाही, फक्त ते फिरताना सासरे पेंगू लागले. मग डॉक्टर म्हणाले की खास चक्करवरच उपचार करणाऱ्या एक बाई आहेत, पण त्या लांबच्या मोठ्या शहरात बसतात. गाडीत बसवून न्यायचा प्रयत्न आम्ही केला. पहिल्या वळणावर सासऱ्यांना उलटी झाली, दुसऱ्या वळणावर चालकानंच आम्हाला परत आणून सोडलं.

तोवर इमारतीत बातमी फिरली होती. समोरच्या दारातले गृहस्थ पूर्वी औषधांचं दुकान चालवायचे. डॉक्टरांचं अक्षर वाचण्यात आयुष्य गेल्यामुळे डॉक्टरांचं ज्ञानही आपल्याला आलंय अशी त्यांची समजूत होती. त्यांनी मानेचा मणका सांगितला आणि नाटकातल्या राजाला शोभेल असा पट्टा आणून सासऱ्यांच्या गळ्यात बांधला. खालच्या काकूंना पहिल्यापासून खात्री होती, की कानात वारं शिरलंय. खास चक्करचा डॉक्टर असतो हे काही त्यांना पटेना. उद्या उचकीचा वेगळा आणि जांभईचा वेगळा निघेल, म्हणाल्या. आणि हे सगळे सल्ले सासरे मान न हलवता ऐकून घेत. मान हलवायची सोयच उरली नव्हती.

एवढं सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण एका दुपारी बायको स्वयंपाकघरात धुतलेले कप पुन्हा धुताना दिसली. ती असं करते तेव्हा काहीतरी बिनसलेलं असतं. मग म्हणाली, बाबा फोनवर कुणाशी तरी बोलत होते. एका वृद्धाश्रमाशी. भिंतींना कठडे आहेत का, न्हाणीघरात धरायला काही आहे का, असं विचारत होते. रविवारी तिथला माणूस घरी येऊन त्यांना बघून जाणार आहे.

"आपलं काही चुकलं का हो?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, चुकलं बिकलं काही नाही. माणसाला पायाखालची जमीन भरवशाची वाटेनाशी झाली की तो धरायला काहीतरी शोधतो. बोलून टाकलं खरं, पण तिचे डोळे पाहून मलाच धरायला काहीतरी हवं होतं. रविवारच्या आत त्या चक्करवाल्या बाईंना गाठायचं असं मी तिथल्या तिथे ठरवलं. त्या फोनवरून, चित्र दिसेल अशा बेतानं, रुग्ण तपासतात असं डॉक्टर म्हणालेच होते. किती सोपं, मला वाटलं.

आधी त्यांच्या रुग्णालयाचं ॲप उतरवून घ्यायचं होतं. त्यात नाव घातलं. मग जन्मतारीख. ती लिहायची नव्हती, वर्षांचं एक चाक होतं, ते बोटानं मागे मागे फिरवायचं. सासऱ्यांचं वर्ष येईपर्यंत मलाच गरगरायला लागलं. कसंबसं ते वर्ष पकडलं तर सासरे बायकोला म्हणाले, "यांना सांग, ओळखपत्रावर वेगळी तारीख आहे." ओळखपत्र करणाऱ्यानं त्यांना एक वर्षानं लहान केलं होतं. खरी तारीख घातली की ॲप म्हणे, ओळखपत्राशी जुळत नाही. ओळखपत्रावरची घालू म्हटलं तर सासरे म्हणत, खोट्या तारखेखाली मी माझं नाव लावू देणार नाही. जन्मभर ज्यानं पाव किलोत दोन ग्रॅम खोट चालू दिली नाही, तो स्वतःत वर्षाची खोट कशी चालू देणार? बायकोनं त्यांना चहा दिला, बिस्किटं दिली, आणि ते बिस्किट तोलत असताना मी चाक गुपचूप एक घर पुढे सरकवलं.

पुढे प्रश्न होते. चक्कर किती वेळ टिकते, कधी येते, ते भरलं. मग, 'आपण गर्भवती आहात का?' खाली तीन पर्याय होते, हो, नाही आणि सांगता येत नाही. सासऱ्यांनी प्रत्येक प्रश्न स्वतः वाचून पाहण्याचा आग्रह धरला होता, त्यामुळे हाही त्यांनी चष्मा लावून वाचला. चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचला. "नाही," ते शेवटी भिंतीला म्हणाले.

एका ठिकाणी गाडी अडली तेव्हा मी मदतीच्या क्रमांकावर फोन लावला. 'आपला फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, कृपया प्रतीक्षा करावी.' ते वाक्य माझ्या ओळखीचं होतं. मी पाणीपुरवठ्याच्या तक्रार कक्षात कामाला आहे. आमच्याकडेही हेच वाक्य वाजतं, आणि ते मीच लिहून दिलेलं आहे. लिहिलं तेव्हा फार सौजन्यपूर्ण वाटलं होतं. आता ते वारंवार ऐकताना, नळ कोरडा पडलेली असंख्य माणसं माझ्याविषयी काय बोलत असतील ते मला अगदी स्पष्ट ऐकू आलं.

अखेर भेट ठरली. सासरे इस्त्रीचा शर्ट आणि कोट घालून, गळपट्ट्यासकट पडद्यासमोर बसले. पडद्यावर एक हसतमुख तरुण आला आणि त्यांनी सकाळी काय खाल्लं ते विचारू लागला. मी फॉर्मात उलटीचा उल्लेख केला होता, त्यामुळे ॲपनं स्वतःच्या अकलेनं आम्हाला आहारतज्ज्ञाकडे पाठवलं होतं. तो मनापासून भोपळ्याविषयी बोलला. आम्ही तिघांनीही मनापासून ऐकून घेतलं, कारण मध्ये तोडायचं कसं ते कुणालाच सुचलं नाही. चक्करवाल्या बाईंची वेळ मिळाली ती शनिवारी दुपारची. रविवार उंबरठ्यावर होता.

शनिवारी त्या पडद्यावर आल्या. वयानं आमच्या अंदाजापेक्षा बऱ्याच लहान, केस वर बांधलेले, टेबलावर कानाचा एक मोठा प्लास्टिकचा नमुना. सासऱ्यांनी सर्वप्रथम त्यांचा नोंदणी क्रमांक विचारला. मी मान खाली घातली. बाईंनी तो न चिडता कागदावर लिहून दाखवला, सासऱ्यांनी हातावर उतरवून घेतला, आणि तपासणी सुरू झाली.

बाई विचारत होत्या, चक्कर येते तेव्हा एकाचे दोन दिसतात का, हातपाय बधिर होतात का. सासरे उत्तर देत होते, पण ती उत्तरं कुठल्या तरी वेगळ्याच प्रश्नांची वाटत होती. मग बाईंनी विचारलं, "काका, जीभ जड होते का?"

"जीप माझी नव्हती," सासरे म्हणाले. "खात्याची होती."

बाईंचा चेहरा एकदम गंभीर झाला. त्या माझ्याकडे वळून, हे असं असंबद्ध कधीपासून बोलतात, असं विचारू लागल्या. बायको घाबरून वडिलांच्या जवळ गेली आणि तिला त्यांच्या कानात पांढरं काहीतरी दिसलं. सकाळी खालच्या काकू येऊन वाऱ्याचा बंदोबस्त करून गेल्या होत्या. दोन्ही कानांत कापसाचे बोळे. ते काढल्यावर सगळे प्रश्न पुन्हा पहिल्यापासून झाले आणि उत्तरं ठिकाणावर आली. मानेचं जुनं दुखणं नाही याची बाईंनी नीट खात्री करून घेतली आणि पट्टा काढून ठेवायला सांगितला. मग म्हणाल्या, आता यांना पटकन मागं झोपवायचं, डोकं एका बाजूला वळवून, काठाच्या खाली थोडं लोंबतं. मला त्यांचे डोळे अगदी जवळून बघायचे आहेत. एकानं फोन धरा, एकानं डोकं.

आमच्या पलंगाला दोन्ही टोकांना उंच फळ्या. समोरचे औषधवाले गृहस्थ पेचकस घेऊन धावले. 'सहज चौकशीला' म्हणून ते केव्हाचे दारात उभे होतेच. त्यांनी पायाकडची फळी झोकात काढली. पलंगाचे पाय त्या फळीलाच होते हे पलंग बसल्यावर सर्वांच्या लक्षात आलं. पडद्यावरून बाई म्हणाल्या, गाद्या जमिनीवर टाका, ते उलट बरं. तेव्हा दोन गाद्या एकावर एक टाकल्या, सासऱ्यांना त्यावर बसवलं, बायकोनं फोन घेतला, आणि डोक्याकडे, जमिनीवर मांडी घालून बसायला उरलो मी.

मी हात पुढे केले आणि तसेच थांबलो. या माणसाच्या पाया मी पडलो होतो. हात मात्र कधी हातात घेतला नव्हता. आणि आता थेट डोकं.

"उजवीकडे वळवा. डोळे उघडे ठेवायचे काका, काही झालं तरी," बाई म्हणाल्या. "आणि आता, मागे."

ते मागे आले. त्यांचं डोकं माझ्या तळव्यांत पडलं, पण पुरतं नाही. मान त्यांनी ताठ ठेवली होती, जणू स्वतःचा भार दुसऱ्यावर टाकणं नियमात बसत नाही. क्षणभर काहीच झालं नाही. मग त्यांची बुबुळं थरथरली आणि झटक्याझटक्यानं एका बाजूला धावू लागली. मी ते उलटं, वरून पाहत होतो. जाळ्यात सापडलेल्या पाखरासारखे होते ते डोळे. त्यांचे हात हवेत काहीतरी शोधू लागले आणि माझ्या शर्टाची बाही त्यांच्या मुठीत आली.

"अरे, सोडू नकोस," ते म्हणाले. "धर. धर मला."

मला. अरे. नकोस. बायकोच्या हातातला फोन हलला असावा, कारण बाई म्हणाल्या, ताई, स्थिर. मी म्हटलं, "धरलंय बाबा. सोडत नाही." बायकोमार्फत नाही, सरळ म्हटलं.

"दिसतंय मला," बाई हळूच म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात एखाद्या सोनाराला खरं नाणं हाती लागल्यावर होईल तसा आनंद होता. "अगदी छान दिसतंय. काका, हे मेंदूचं नाही. मी ज्याची आशा करत होते, तेच आहे."

मग त्यांच्या सांगण्याप्रमाणे मी ते डोकं सावकाश डावीकडे नेलं, थांबलो, मग सासऱ्यांना कुशीवर वळवलं, नाक जमिनीकडे, पुन्हा थांबलो. थांबण्याच्या त्या वेळांत बाई समजावत होत्या, की कानाच्या आत तोल सांभाळणारा एक भाग असतो, त्यातले अगदी बारीक खडे सुटून भलत्या नळीत शिरतात, डोकं हललं की तेही हलतात, आणि मेंदूला वाटतं घर फिरतंय. आपण त्यांना आता वळणावळणानं घरी नेतोय.

"म्हणजे वजनं पारड्यातून पडली," सासरे गादीत तोंड खुपसून म्हणाले.

"तसंच म्हणा."

"तराजू शाबूत आहे?"

"तराजू शाबूत आहे, काका."

त्यांची मान सैल झाली. मला माहीत नव्हतं माणसाचं डोकं इतकं जड असतं, आणि पांढरे केस लहान मुलाच्या केसांसारखे इतके मऊ असतात. उठवून बसवलं तेव्हा त्यांनी माझ्या विजारीवर उलटी केली, आहारतज्ज्ञाच्या भोपळ्यासकट. मी हललो नाही. ते माझ्या खांद्याला टेकून बसले होते आणि घर जागेवर येईपर्यंत त्यांना उठवायचं नव्हतं. बायको फोन धरून रडत होती, त्यामुळे शेवटची सूचना बाईंनी बहुधा आमच्या छताला दिली. हे पुन्हा होऊ शकतं, म्हणाल्या, झालं तर असंच करा. पण बोलणं अडखळलं, हात लुळा पडला, एकाचे दोन दिसले, तर माझी वाट न बघता थेट रुग्णालयात न्या.

त्या संध्याकाळी सासऱ्यांनी मान वर करून छताकडे पाहिलं. मग पुन्हा पाहिलं. मग आडवे होऊन, या कुशीवरून त्या कुशीवर, असे वळत राहिले, आणि वळता वळता घोरू लागले. बायको दारात उभी राहून ते घोरणं गाणं ऐकावं तसं ऐकत होती.

या गडबडीत वृद्धाश्रमाला नको म्हणून कळवायचं राहूनच गेलं. रविवारी बेल वाजली तेव्हा दार उघडायला मी गेलो. आदल्या दिवशी जमिनीवर मांडी घालून वाकून बसल्यानं माझी कंबर धरली होती आणि मान एका बाजूला आखडली होती. दारातल्या सभ्य माणसानं मला नखशिखांत पाहिलं, माझा दंड हलकेच धरला आणि मोठ्या, प्रेमळ आवाजात म्हणाला, "या आजोबा, सावकाश. आमच्याकडे सगळीकडे कठडे आहेत."

मी अजून नोकरीत आहे, हे त्याला सांगावं म्हणून तोंड उघडलं, पण मान वळेना, त्यामुळे मी ते चपलांच्या फळीला उद्देशून सांगितलं. मागून सासरे आले. कोट घातलेला, पाठ ताठ, पायात पाय न अडकता. त्या माणसाला त्यांनी बसवलं, चहा द्यायला लावला, त्रास दिल्याबद्दल क्षमा मागितली.

"फोन मीच केला होता," ते म्हणाले. "पण कठड्याची सोय इथंच झाली."

आणि त्यांनी चहाच्या कपानं माझ्याकडे निर्देश केला. कार्यालयात लोकांनी मला नाना नावांनी हाक मारली आहे, काही तर लिहिता येण्यासारखी नाहीत. कठडा मला कुणी म्हटलं नव्हतं. बायको ट्रे घेऊन घाईघाईनं आत गेली.

त्यानंतर सासरे पुन्हा 'आपण' वर गेले. शनिवारचं 'अरे' कुठे विरघळलं कोण जाणे, मीही ते उकरून काढलं नाही. पाव पुन्हा तोलला जाऊ लागला. खालच्या काकू सांगत फिरतात की कापसानं गुण आला. पलंगाची फळी औषधवाल्या गृहस्थांनी उलटी बसवली आहे, तिचं नक्षीकाम आता भिंतीला दिसतं.

बऱ्याच महिन्यांनी, नुकतं उजाडलेलं असताना, बायको अंघोळीला गेली होती आणि मी वर्तमानपत्र घेऊन बसलो होतो. सासरे भिंतीला हात लावत लावत आले. चेहऱ्याचा रंग पाहून मी उठलो. त्यांनी तळवा दाखवून मला थांबवलं.

"जीभ ठीक आहे," ते तपासणीचा अहवाल द्यावा तसं म्हणाले. "दोन्ही हात उचलून पाहिले. एकाचं एकच दिसतं. उजव्या कुशीवर वळलो की फिरतं."

मी गाद्या टाकल्या. ते बसले. मी मागे मांडी घातली, हात पुढे केले, आणि ते मागे आले. या वेळी त्यांनी मान ताठ ठेवली नाही. सगळंच्या सगळं डोकं, होतं तेवढ्या वजनाचं, माझ्या हातात सोडलं. डोळे धावू लागले. न्हाणीघरात पाणी पडल्याचा आवाज येत होता. हळूहळू बुबुळं मंदावली, थांबली, आणि खालून, उलटी, सरळ माझ्या चेहऱ्यावर स्थिर झाली. ते बराच वेळ मला न्याहाळत राहिले.

"आपल्या नाकातले केस फार वाढलेत," ते म्हणाले.

"कापतो," मी म्हटलं, आणि हात होते तिथंच ठेवले.